येऊन राहिली

लहानपणी आमच्याकडे नळ यायचा त्या दिवशी माझा भाऊ जीवन शाळेला दांडी मारून बादलीपुढे बसायचा. पाणी पडताना बघायला आवडायचं त्याला. अकोल्यात जन्मलेल्या माणसाला हे वेड परवडत नाही, पण त्याला होतं. म्हणून तो सत्तेचाळिसाव्या वर्षी पुण्याहून एवढी गाडी हाणत आला आणि जठारपेठेतल्या घरी न उतरता थेट मोर्शीकडच्या धरणावर तंबूत जाऊन उतरला, याचं मला नवल वाटायला नको होतं. नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

“तिथे पाण्याकाठी मोठं पर्यटन केंद्र झालंय, ताई,” तो फोनवर म्हणाला होता. “बोटी आहेत, पक्षी आहेत, मचाण आहे. शनिवारी तूही ये. निवांत भेटू. घरी आलो की तुझी उगाच धावपळ.”

“धावपय करनारी आई गेली ना रे आता,” मी म्हटलं. “मी एकटी काय धावनार?”

तो बसच्या वेळा सांगायला लागला. मग मीच म्हटलं, “बरं, शनिवारी सकायीच येऊन राहिली मी.”

“अं? हो, हो. ये ना,” तो म्हणाला.

आमचं दुकान हारांचं. वडील गेले तेव्हा जीवन दहावीत होता आणि मी बावीसची. मी दुकानात बसले, तो शिकला, पुण्याला गेला, तिथलीच माया त्याला मिळाली. या सगळ्या धांदलीत माझं लग्न राहून गेलं. लोक त्यात उगाच त्याग वगैरे शोधतात. त्याग कसला, छत्री बसमध्ये राहून जाते तसं राहून गेलं.

आई होती तोवर मला त्याचं काही वाटलंही नाही. ती फुलं निवडून जोड्या लावून द्यायची आणि मी गुंफायची. तिचे हात आणि माझे हात मिळून आम्ही एक माणूस होतो. भादव्यात, ऐन गणपतीच्या गर्दीत ती गेली. आता फुलं मीच निवडते, मीच गुंफते. हार होतो, पण बोलणं होत नाही. गिऱ्हाइकांशी दिवसभर तोंड चालू असतं, पण ते बोलणं नव्हे, तो भाव. संध्याकाळी घरी आले की टीव्हीतल्या बायकांशी भांडते. त्या माझं काही ऐकून घेत नाहीत.

खरं सांगायचं तर मला वाटत होतं की जीवननं म्हणावं, ताई, आता तू आमच्याकडेच चल. मी गेलेही नसते कदाचित. दुकान सोडून पुण्यात मी काय करणार, गॅलरीत उभी राहून गाड्या मोजणार? पण त्यानं म्हणायला हवं होतं. मी आपण होऊन मागणार नव्हते. मागून घेतलेल्या जागेत पाय पसरता येत नाहीत.

दसऱ्याच्या आधी मी त्याला फोन केला होता. स्पीकरवर होता, मागे मायाचा आवाज येत होता. “दिवाळीचा धंदा आटपला की पुण्याले येऊन राहिली मी,” असं म्हटलं. भाऊबीज उशिरा का होईना करावी, चार दिवस भाची प्रियदर्शनीचं तोंड बघावं, एवढं. त्यावर तो म्हणाला, “बघू. घराला रंग काढायचाय.” दिवाळी झाली, रंग चालू. नाताळ झाला, रंग चालू. एवढ्या दिवसांत आख्खी जठारपेठ रंगवून झाली असती.

म्हणून या धरणाच्या बोलावण्याला मी जरा जास्तच वजन दिलं. एवढ्या लांबून माणूस नुसते पक्षी बघायला येत नाही, त्याला काहीतरी बोलायचं असणार. काय बोलायचं असणार, ते मी अमरावतीच्या बसमध्येच ठरवून टाकलं. मनात मांडे खायला लागलं की बसचे धक्केही लागत नाहीत. मांडीवर पिशवी होती. तिच्यात वांग्याचं भरीत, फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा, आणि वर ओल्या रुमालात मायासाठी शेवंतीची वेणी.

मोर्शीला स्टँडबाहेर संत्र्यांचे ढीग लागले होते. तिथून ऑटोनं धरणाकडे गेले. फाटकाशी मोठ्या पाट्या, पक्ष्यांची रंगीत चित्रं, सायकलींची रांग, दोन झाडांमध्ये बांधलेली दोरी आणि तिच्यावरून किंचाळत जाणारे कॉलेजचे पोट्टे. पलीकडे पाणी. इतकं पाणी, की पलीकडचा काठ नुसती रेघ दिसत होती. मी उगाच पदर सारखा केला, कुणाच्या मोठ्या घरी आल्यासारखा.

काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं आणि म्हणाली, “चार नंबरचा तंबू तुमचा आहे, मॅडम.”

“माहा?”

“जीवन सरांनी दोन घेतलेत ना. तीन नंबर त्यांचा, चार तुमचा. दोन रात्री.”

मी चार नंबरच्या तंबूत जाऊन खाटेवर बसले. पांढरी चादर, उशी, घडी केलेला टॉवेल, वर छोटा साबण, कागदातला. जन्मभर मी देवांचे, नवरदेवांचे, पुढाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे हार केले. माझ्यासाठी कुणी काही मांडून ठेवलेलं तेव्हा पहिल्यांदा बघत होते. मी संध्याकाळच्या बसनं परत जायचं ठरवून आले होते, अंगावरचं लुगडं सोडून दुसरं लुगडं नव्हतं, ब्रशही नव्हता. पण भावानं माझ्या नावानं तंबू घेतला होता. राहणार नाही कसं म्हणायचं? रडू आलं मला, आणि कोणी बघत नव्हतं म्हणून थोडं रडूनही घेतलं.

मग शेजारच्या दुकानातल्या मंजुषाला फोन लावला. “उद्याचे देवयाचे हार तू करजो वो. मी अठीच राहून राहिली.”

“तुमी? दुकान सोडून?” तिला खरं वाटेना.

“भावानं तंबू घेऊन ठेवला माह्यासाठी,” मी म्हटलं. हे सांगताना माझा आवाज जरा मोठाच निघाला.

जीवन आणि माया पाण्याकडून आले. जीवन वाळला होता, कानापाशी पांढरा झाला होता. मायानं येऊन गळामिठी घातली. माया वाईट नाही. पुण्याची आहे, एवढंच. तिचे केस आता कानापर्यंतच होते, हे मला माहीत नव्हतं. वेणी हातात घेऊन ती क्षणभर घोटाळली, मग तिनं ती माझ्याच तंबूच्या दाराला बांधली. “किती छान दिसतेय बघा, ताई,” ती म्हणाली. छान दिसत होती, खोटं का बोला.

जेवणाआधी बोटीत गेलो. बोटवाला देवमन तिथलाच माणूस. त्यानं आम्हाला फुगीर नारिंगी जाकिटं घातली आणि मला विचारलं, “कोठचे तुमी?”

“अकोल्याची.”

“मंग पोहनं येत नसन,” तो म्हणाला. अकोल्याला पाण्यावरून कोणीही बोलून घेतं.

पाण्याच्या मधोमध त्यानं इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं, की मला माझ्या घराची आठवण आली. उथळ बाजूला राखाडी, मोठ्या बदकांसारख्या पाखरांचा थवा बसला होता, डोक्यावर काळे पट्टे. माया पुस्तक काढून कुजबुजली, “पट्टकादंब! हिमालय ओलांडून येतात, ताई.”

“दरसाल येतात,” देवमन म्हणाला. “थंडीभर राहतात, होई पेटायच्या आधी जातात. पाहुने आमचे.”

यांना बरं कोणी घराला रंग काढलाय म्हणून सांगत नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तंबूची पांढरी चादर आठवली आणि गिळलं. जीवन माझ्याकडे बघत होता. मी बघितलं की पाण्याकडे बघायचा. बोलायला कुठून सुरुवात करावी, हे त्याला सुचत नसणार, असं मला वाटलं. लहानपणी काही मागायचं असलं की तो असाच बादलीत बघत बसायचा.

मग मचाणावर चढलो. काठच्या गवतात चार-पाच रोही उतरले होते. माया हरखली, “नीलगाय! किती जवळ!” मी म्हटलं, “आमच्याकडे याले रोही म्हनतात. हरभऱ्यात शिरले की कोनी फोटो नाई काढत यायचे.” ती हसली. जीवनही हसला, जरासाच. उतरताना त्यानं माझा हात धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

दुपारी झाडाखाली भरीत-भाकर खाल्ली. जीवननं मान खाली घालून दोन भाकरी संपवल्या. एकदाच म्हणाला, “आईसारखं झालंय.” मी म्हटलं, “आईनंच शिकवलं, तं काय शेजारनीसारखं होनार?” त्याचे डोळे भरले. माझी खात्रीच झाली, की आता म्हणणार.

चहाच्या वेळी आम्ही पाण्याकाठी खुर्च्या टाकून बसलो. ऊन उतरलं होतं. जीवननं कप खाली ठेवला. “ताई, तुझ्याशी जरा बोलायचं होतं,” तो म्हणाला आणि थांबला. मायाकडे बघितलं.

“बोल ना,” मी म्हटलं. मी मनात उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. आधी नाही म्हणायचं, दुकानाचं कारण सांगायचं, त्यानं पुन्हा म्हटलं की बघू म्हणायचं.

मायाच बोलली. “ताई, तुम्ही दसऱ्याच्या वेळी म्हणालात ना, की दिवाळीनंतर पुण्याला येऊन राहणार. आम्ही खूप विचार केला हो त्यावर. पण तीनच खोल्या आहेत. माझी आई आता आमच्याकडेच असते. प्रियदर्शनीचं बारावीचं वर्ष. आणि तुम्हाला तिथे करमणारही नाही. तोंडावर नाही म्हणायला जीव होत नव्हता, म्हणून ते रंगाचं सांगत राहिलो. हा म्हणाला, फोनवर नको, समोर बसून, चांगल्या ठिकाणी नेऊन सांगू.”

ती खरंच कष्टी झाली होती. बोलताना तिनं माझा हात हातात घेतला होता. मला मात्र आधी काही उमजेचना. येऊन राहणार असं मी कधी म्हटलं? मी तर म्हटलं होतं, येऊन राहिली. आणि मग एकदम सगळं लख्ख झालं. तो न संपणारा रंग, फोनवरचं ते ‘अं?’, हे पाणी, ही पाखरं, तो टॉवेल आणि कागदातला साबण.

मी हसले. दुसरं काय करणार होते?

“अवं माया,” मी म्हटलं, “येऊन राहिली म्हंजे येते. राहाले नाई येत. पाऊस येऊन राहिला म्हंजे पाऊस काय गादी टाकून राहते? तू आता चहा पिऊन राहिली, तं काय कपात मुक्काम ठोकला तू?”

माया माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे तुम्ही फक्त भेटायला…”

“चार दिवस. भाऊबीजेले. बह्याड झाले काय तुमी दोघं? मी दुकान सोडून पुन्यात काय करू?”

तिनं तोंडावर हात घेतला आणि मग अशी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणी आलं. सुटल्याचं हसू होतं ते, मला कळत होतं. “म्हणजे हा तंबू पण? तुम्ही म्हणालात सकाळी येऊन राहिले, म्हणून यानं…”

“तंबू बी. मी तं सांजच्या बसनं वापस जानार होती. ब्रश बी नाई आनला.”

“अरे, तू तिथलाच ना?” ती जीवनकडे वळली. “तुला नाही कळलं?”

जीवन हसत नव्हता. “विसरलो गं,” तो म्हणाला. “पंचवीस वर्षं झाली.”

मला वाईट वाटलं, पण त्याचा राग नाही आला. पुण्यात पोट भरायचं तर पुण्यासारखं बोलावं लागतं. आपलीच बोली कानावरून घसरून जाते, त्यात त्याचा काय दोष? उलट कीव आली. बिचारा चार महिने घाबरून बसला असेल, ताई ट्रंक घेऊन दारात उभी राहते की काय म्हणून. मला जे हवं होतं ते मिळणार नव्हतं, पण मी ते कधी मागितलंही नव्हतं. लाज झाकली गेली. घरी जाऊन काय ते बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

“चार वाजून गेले. निघते मी आता,” मी म्हटलं.

“असं काय, ताई? तंबू घेतलेलाच आहे, राहा की,” माया मनापासून म्हणाली. आता राहा म्हणायला तिला काही अडचण नव्हती. मी म्हटलं, उद्या देवळाचे हार आहेत, लग्नाची ऑर्डर आहे. लग्नाची ऑर्डर नव्हती. जीवन मोर्शीपर्यंत गाडीनं सोडतो म्हणाला. मी म्हटलं, फाटकाशी ऑटो असतात, तू बस.

माया मला द्यायला संत्री आणायला कॅन्टीनकडे गेली. मी तंबूतून पिशवी घेतली. खाटेवरची चादर बसून चुरगळली होती, ती सारखी केली. बाहेर आले तेव्हा जीवन माझ्याकडे पाठ करून खुर्च्या मिटत होता आणि पाण्याकडून देवमन वर येत होता.

“साहेब,” देवमननं लांबूनच विचारलं, “उद्या सकायी बोटीत तिघं बी येऊन राहिले ना? दुसरे लोक विचारून राहिले, म्हनून म्हटलं.”

“येऊन राहिलो ना भाऊ,” जीवन म्हणाला. “पन तिघं नाई आता. दोघंच येऊन राहिलो.”

अडखळला नाही, आठवावं लागलं नाही. ओट्यावर बसून आईशी बोलायचा तसंच बोलला. मग खुर्ची ठेवायला वळला आणि मी त्याला दिसले. त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. देवमन आपला बरं म्हणून निघून गेला.

बोली तो विसरला नव्हता. ताई चार दिवसांसाठी येते म्हणतेय, हे त्याला दसऱ्याच्या आधीच नीट कळलं होतं. आणि त्या बोलण्याखाली माझ्या पोटात काय आहे, तेही कळलं होतं. माझ्या पोटातलं त्याला लहानपणापासूनच कळतं. म्हणून त्यानं मायाला तिच्या पुणेरी कानांनी ऐकू दिलं, चूक दुरुस्त केली नाही, आणि मी न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तिच्या तोंडून देववलं. तंबू त्यासाठी होता. मचाणावर हात धरला होता तोही त्यासाठी.

मला ओरडावंसं वाटलं. माझ्या नाकावर राग असतो, हे आख्ख्या जठारपेठेला ठाऊक आहे. पण ओरडायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं, की मला ते हवं होतं. त्यालाही काही बोलायचं तर तेच कबूल करावं लागलं असतं. तो म्हणाला, “ताई.” एवढंच. मी मान हलवली.

माया संत्री घेऊन आली. तिनं ती माझ्या पिशवीत, रिकाम्या डब्याशेजारी भरली आणि वाकून पाया पडली. निघताना आपल्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. आई तर दळण आणायला निघताना जाते म्हटलं तरी रागवायची. मी ‘येते’ म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द बाहेर पडेना.

“जाते मी,” मी म्हटलं. मायाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. जीवननं मान खाली घातली.

ऑटो भरायला वेळ लागला. धरणाची भिंत संपेपर्यंत पाणी दिसत होतं, मग संत्र्यांच्या बागा लागल्या. मोर्शीच्या अलीकडे मी मंजुषाला फोन लावला. म्हटलं, उद्याची फुलं मीच आणीन, तू राहू दे.

“कावून वो?” ती म्हणाली. “राहून राहिल्या होत्या ना तुमी?”

“नाई,” मी म्हटलं. “बोलन्यात जरा घोय झाला.”